किती पोळ्या लाटायच्या? धंद्याची सांख्यिकी एका वहीतून

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध असे धडे एकामागून एक येतात आणि परीक्षेनंतर तसेच निघून जातात. सूत्रं पाठ असतात, पण दुकानात त्यांचं काय करायचं ते कळत नाही. माझं मत असं, की हे सगळे धडे एकाच प्रश्नाभोवती शिकावेत: उद्यासाठी किती माल तयार करायचा? या प्रश्नाचं उत्तर सरासरी आहे असं बहुतेकांना वाटतं. ते तसं क्वचितच असतं, आणि का नसतं ते समजलं की अर्धा अभ्यासक्रम समजला.

एक पोळी-भाजी केंद्र घेऊ. आकडे गणित सुटसुटीत व्हावं म्हणून मी रचलेले आहेत. पोळी १२ रुपयांना विकली जाते. उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, फार तर तिथल्याच माणसांसाठी तिची फोडणीची पोळी होते. आणि भर दुपारी पोळ्या संपल्या तर गिऱ्हाईक पुढच्या केंद्राची वाट धरतं.

पहिली पायरी: वही नीट लिहा

विक्री आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४०० पोळ्या केल्या आणि ४०० विकल्या गेल्या, तर त्या दिवसाची मागणी ४०० होती असं म्हणता येत नाही. ती ४०० किंवा त्याहून जास्त होती, एवढंच म्हणता येतं. असे दिवस वहीत तसेच घातले की मागणी कायम कमी दिसते, म्हणून माल कमी केला जातो, म्हणून विक्री आणखी कमी दिसते. उपाय साधा आहे. पोळ्या संपल्या ती वेळ लिहा आणि त्यानंतर किती गिऱ्हाइकं किती पोळ्या मागून परत गेली त्याच्या रेघा मारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

सांख्यिकीत पूर्वग्रह (बायस) म्हणतात तो हाच: एकाच दिशेने होणारी चूक. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचे अंदाज तपासताना असंच काहीसं दाखवून दिलं. शेतातला फार छोटा तुकडा कापून पीक मोजलं, तर तुकड्याच्या कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. असे छोटे तुकडे कितीही वाढवले तरी ही चूक जात नाही, कारण ती नशिबाने होत नाही, मोजण्याच्या पद्धतीतून होते. वहीचंही तसंच. महिनाभराची चुकीची नोंद वर्षभर केली म्हणून बरोबर होत नाही.

दुसरी काळजी दिवसांच्या प्रकाराची. एकादशी, संकष्टी, श्रावणातले सोमवार या दिवशी पोळी खाली बसते आणि साबुदाण्याची खिचडी वर जाते. शनिवार-रविवार निराळे. हे सगळे दिवस एकत्र करून काढलेली सरासरी कोणत्याच दिवसाला लागू पडत नाही. आधी दिवसांचे गट पाडा, मग गणित करा. पुढचे १५ दिवस हे साधे, उपवास नसलेले कामाचे दिवस आहेत असं धरू. पोळ्यांची मागणी अशी:

४१०, ४३०, ३९०, ४२०, ४४०, ४००, ४५०, ३८०, ४३०, ४१०, ४६०, ४२०, ४००, ४४०, ९००

मध्य, मध्यक आणि ती एक ऑर्डर

पंधराही आकड्यांची बेरीज ६,७८०. भागिले १५, म्हणजे मध्य ४५२. आता वहीकडे परत बघा: पंधरापैकी चौदा दिवस मागणी ४६० किंवा त्याहून कमी आहे, आणि तब्बल तेरा दिवस ती ४५२ पेक्षा कमी आहे. मग ही सरासरी कुणाची?

मध्यक काढण्यासाठी आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे आठवा, घ्या. तो ४२० येतो. मध्य आणि मध्यक यांत ३२ पोळ्यांचा फरक पडला, की समजावं वहीत काहीतरी लांब पडलेलं आहे. इथे ते उघड आहे. शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी डोहाळजेवणाची ४८० पोळ्यांची ऑर्डर होती आणि काउंटरवरची मागणी ४२० होती.

विचित्र आकडा दिसला की तो खोडून टाकायचा, अशी सवय काहींना लागते. ती वाईट आहे. तो कुठून आला ते आधी शोधायचं. इथे कारण सापडलं, आणि ऑर्डर आगाऊ कळते, तिचा अंदाज बांधावाच लागत नाही. म्हणून ती वेगळ्या पानावर लिहायची आणि त्या दिवसासाठी ४२० धरायचे. कारण सापडलं नसतं तर मी तो आकडा ठेवला असता आणि मध्यक वापरला असता.

आता बेरीज ६,३००, मध्य ४२०, मध्यक ४२०, आणि सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, तोही ४२०. पुस्तकात असतं तसं जुळलं. बहुलकाचा इथे फारसा उपयोग नाही. चपलांच्या दुकानात मात्र तोच कामाचा, कारण तिथे ७.४ नंबरची सरासरी चप्पल मागवता येत नाही.

प्रमाण विचलन: हाताने एकदा तरी करा

मागणी ४२० च्या आसपास किती हलते? पायऱ्या अशा. प्रत्येक आकड्यातून ४२० वजा करा: −१०, १०, −३०, ०, २०, −२०, ३०, −४०, १०, −१०, ४०, ०, −२०, २०, ०. इथे थांबून बेरीज करा. ती शून्यच आली पाहिजे. नाही आली तर मध्य काढताना किंवा वजाबाकीत चूक आहे. परीक्षेत ही तपासणी दहा सेकंदांत होते आणि पूर्ण गणित वाचवते.

मग प्रत्येक फरकाचा वर्ग करा. वर्गांची बेरीज ७,०००. तिला १४ ने भागलं की ५००, हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ सुमारे २२.४ पोळ्या, हे प्रमाण विचलन.

१५ ऐवजी १४ का? आपल्याकडे सगळे दिवस नाहीत, त्यातला नमुना आहे. आणि फरक मोजायला जो मध्य घेतला तो याच नमुन्यातून आला आहे, त्यामुळे आकडे त्याच्या जरा जास्तच जवळ असतात. एकाने कमी भागून ती कसर भरून काढतात. तुमच्या पुस्तकात एकूण संख्येनेच भागलेलं असेल तर परीक्षेत तसंच करा, उत्तर २१.६ येईल. एक्सेलमध्ये या दोन पद्धतींची दोन वेगळी फंक्शनं आहेत. नावाच्या शेवटी ‘एस’ असलेलं नमुन्यासाठी, ‘पी’ असलेलं संपूर्ण समूहासाठी. कुठलं वापरलं ते लक्षात ठेवा.

अर्थ लावायचा तो असा. ४२० च्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन घेतलं तर ३९८ ते ४४२ हा पट्टा मिळतो. पंधरापैकी अकरा दिवस त्यात बसतात. दोन विचलनं घेतली तर ३७५ ते ४६५, आणि सगळे दिवस आत येतात. डोहाळजेवणाची ऑर्डर तशीच ठेवली असती तर विचलन २२ वरून १२६ वर गेलं असतं. फरकांचा वर्ग होत असल्यामुळे एक लांबचा आकडा सगळ्यांवर भारी पडतो.

आता त्याच केंद्रातलं थालीपीठ. पाच दिवसांची मागणी २८, ५२, ४०, ३२, ४८. मध्य ४०, फरकांच्या वर्गांची बेरीज ४१६, भागिले ४ म्हणजे १०४, विचलन सुमारे १०.२. पोळीचं विचलन २२.४ आणि थालीपिठाचं १०.२, म्हणून पोळी जास्त बेभरवशाची, असं म्हणायचं का? नाही. विचलन मध्याच्या तुलनेत बघायचं. पोळीसाठी २२.४ भागिले ४२० म्हणजे ५.३ टक्के, थालीपिठासाठी २५.५ टक्के. याला विचरण गुणांक म्हणतात. पोळीचा अंदाज बांधता येतो, थालीपिठाचा बांधणं अवघड. म्हणून भाजणी तयार ठेवून थालीपीठ गिऱ्हाईक आल्यावरच थापायचं.

मुख्य प्रश्न: शेवटची पोळी करावी का?

मध्य माहीत, विचलन माहीत. मग उद्या किती? ४२० केल्या तर काही दिवस कमी पडतील, काही दिवस उरतील. पोळी उरल्याचं नुकसान आणि कमी पडल्याचं नुकसान सारखंच असेल तर मध्यक हे उत्तर ठीक आहे. पण ती दोन नुकसानं सारखी कशावरून?

इथे एका पोळीचा खर्च लिहून काढा. पीठ, तेल, गॅस, कागद मिळून ४ रुपये. लाटण्या-भाजण्याची मजुरी ३ रुपये. एकूण ७, विक्री १२, नफा ५. नफा-तोट्याचं पत्रक असंच होतं, पण निर्णयासाठी हा हिशेब नेहमी चालत नाही. पोळ्या करणाऱ्या बाई नगावर काम करतात की महिन्याच्या पगारावर, हे विचारावं लागतं.

नगावर मजुरी असेल तर जादा पोळी उरली की ७ रुपये गेले, आणि पोळी कमी पडली की ५ रुपयांचा नफा हुकला. पगारावर असतील तर दहा पोळ्या जास्त केल्याने मजुरी वाढत नाही. उरली तर फक्त ४ रुपये जातात आणि हुकली तर ८ रुपये.

आता एकेक पोळीचा विचार करू. ४२० करायच्या ठरल्या आहेत. पुढच्या दहा, म्हणजे ४२१ ते ४३०, कराव्यात का? वहीत ४३० किंवा त्याहून जास्त मागणीचे दिवस पंधरापैकी ६ आहेत. म्हणजे यातली पोळी विकली जाण्याची संभाव्यता ०.४, उरण्याची ०.६.

नगावर मजुरी: ०.४ × ५ वजा ०.६ × ७, म्हणजे २ वजा ४.२. दर पोळीमागे २.२० रुपयांचा तोटा. करू नयेत.

पगारावर: ०.४ × ८ वजा ०.६ × ४, म्हणजे ३.२ वजा २.४. दर पोळीमागे ८० पैसे फायदा. कराव्यात. त्यापुढच्या दहा, ४३१ ते ४४०? मागणी ४४० किंवा जास्त असे ४ दिवस, संभाव्यता ०.२७. हिशेब उणे ८० पैसे येतो. तेव्हा ४३० वर थांबायचं.

हेच एका ओळीत करता येतं. कमी पडल्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज. येणाऱ्या अपूर्णांकाला दिवसांच्या संख्येने गुणा आणि चढत्या क्रमातला तितकावा आकडा घ्या. मध्ये पडला तर पुढचा. नगावर: ५ भागिले १२ म्हणजे ०.४२, गुणिले १५ म्हणजे ६.२५, म्हणून सातवा आकडा, ४२०. पगारावर: ८ भागिले १२, गुणिले १५, बरोबर दहावा आकडा, ४३०. व्यवस्थापनशास्त्रात याला पेपरविक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण कालचा पेपरही आज विकला जात नाही.

अजून एक गोष्ट राहते. पोळी नाही म्हणून गिऱ्हाईक भाजीही न घेता गेलं तर? हुकलेल्या प्रत्येक पोळीमागे भाजीच्या नफ्याचे सरासरी ४ रुपये जातात असं धरू. पगारावरच्या हिशेबात कमी पडल्याचं नुकसान ८ चं १२ होतं. १२ भागिले १६ म्हणजे ०.७५, गुणिले १५ म्हणजे ११.२५, म्हणून बारावा आकडा, ४४०.

वही एकच, मध्य एकच, विचलनही एकच. उत्तरं तीन: ४२०, ४३०, ४४०. तिन्ही बरोबर आहेत, आपापल्या केंद्रासाठी. मालकाला मागणीचा अंदाज तोंडपाठ असतो, पण उरलं तर किती जातं आणि हुकलं तर किती जातं हे वेगवेगळं लिहून ठेवलेलं क्वचितच दिसतं. मी असतो तर वहीच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे लिहिले असते.

पिठाचा हिशेब: समाश्रयण

एका पोळीला पीठ किती? पाच दिवसांच्या पोळ्या ३८०, ४००, ४२०, ४४०, ४६० आणि लागलेलं पीठ अनुक्रमे ११.९, १२.५, १३.०, १३.५, १४.१ किलो. सरासरीने भागलं तर १३ किलो भागिले ४२०, म्हणजे ३१ ग्रॅम.

समाश्रयण रेषा, म्हणजे सगळ्या ठिपक्यांच्या शक्य तितक्या जवळून जाणारी सरळ रेषा, काढू. पोळ्यांचे मध्यापासूनचे फरक −४०, −२०, ०, २०, ४० आणि पिठाचे −१.१, −०.५, ०, ०.५, १.१. जोडीजोडीने गुणून बेरीज १०८. पोळ्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४,०००. भागाकार ०.०२७ किलो, म्हणजे २७ ग्रॅम. जादा पोळी ३१ ग्रॅम नाही, २७ ग्रॅम पीठ खाते. बाकीचं पीठ पोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही. परातीला लागलेलं, पिठी म्हणून पसरलेलं, सांडलेलं. वरच्या ‘शेवटच्या पोळी’च्या हिशेबात म्हणूनच २७ ग्रॅमचा खर्च धरायचा, ३१ चा नाही.

रेषेचा दुसरा आकडा १३ वजा ०.०२७ × ४२०, म्हणजे १.६६ किलो. एकही पोळी न करता १.६६ किलो पीठ जातं, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. तसा लावू नका. आपली माहिती ३८० ते ४६० च्या पट्ट्यातली आहे, शून्य त्यापासून फार लांब आहे.

सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा आकडा, काढण्याआधी आकडे आलेखावर ठिपक्यांनी मांडून बघा. फ्रॅन्सिस ॲन्सकोम्ब या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले होते. चौघांचे मध्य, प्रचरण, सहसंबंध आणि समाश्रयण रेषा जवळजवळ सारख्याच, आलेख मात्र पूर्णपणे वेगळे. एकात सरळ रेषा, एकात वक्र, उरलेल्या दोघांत एकेका भरकटलेल्या ठिपक्याची करामत.

पंधरा दिवसांवर किती विश्वास ठेवायचा?

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनाचा पदवीधर काम करत होता. त्याच्यासमोरही हीच अडचण होती: नमुने मोजकेच, निर्णय मोठे. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छोट्या नमुन्यांसाठीचं उत्तर छापलं. अभ्यासक्रमातली टी-चाचणी तीच.

विचलन २२.४ ला १५ च्या वर्गमुळाने, ३.८७ ने भागलं की ५.८ येतात, ही मध्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक मध्य साधारण किती हलेल त्याचं माप. टी-तक्त्यात १४ साठी (पंधरा दिवसांतून एक वजा) ९५ टक्क्यांचा आकडा २.१४५. गुणाकार सुमारे १२. म्हणजे खरा मध्य ४०८ ते ४३२ च्या दरम्यान असावा.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. हा पट्टा सरासरीचा आहे, उद्याच्या मागणीचा नाही. उद्याचा एक दिवस त्याहून खूप जास्त हलतो. त्याचा ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ३७० ते ४७० येतो. आणखी शंभर दिवसांची नोंद केली तर पहिला पट्टा अरुंद होत जाईल. दुसरा फारसा होणार नाही, कारण गिऱ्हाइकांची मर्जी वहीने बांधता येत नाही.

एक पूर्ण उदाहरण: भाव वाढवला, विक्री पडली का?

पोळी १२ वरून १३ रुपये केली. नंतरच्या १० दिवसांत मध्य ४०८, विचलन २४. विक्री १२ पोळ्यांनी पडली. भाव परत खाली आणायचा?

फरकाची प्रमाण त्रुटी काढू. पहिल्या नमुन्याचं प्रचरण ५०० भागिले १५, म्हणजे ३३.३. दुसऱ्याचं ५७६ भागिले १०, म्हणजे ५७.६. बेरीज ९०.९, वर्गमूळ ९.५. फरक १२ भागिले ९.५, सुमारे १.२६. टी-तक्त्यातला आकडा इथे २.१ च्या आसपास आहे. आपण त्याच्या खूप अलीकडे आहोत. पुस्तकी निष्कर्ष: विक्री खरोखर पडली असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

परीक्षेत इथे थांबायचं. पुरावा नाही म्हणजे परिणाम नाही, असं मात्र लिहायचं नाही. दुकानात अजून एक पायरी आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. फरकाचा पट्टा काढा: १२ अधिक-उणे सुमारे २०. म्हणजे विक्री फार तर ३२ पोळ्यांनी पडली असेल, किंवा ८ नी वाढलीही असेल. आता नफा बघा. पगारावरच्या हिशेबात जुन्या भावाला पोळीमागे ८ रुपये, दिवसाचे ४२० × ८, ३,३६० रुपये. नव्या भावाला पोळीमागे ९. अगदी वाईट धरून विक्री ३८८ वर आली तरी ३,४९२. विक्री ३७३ पर्यंत घसरली तरच नफा जुन्या नफ्याइतका खाली येतो. भाव १३ च ठेवायचा, आणि त्यासाठी विक्री पडली की नाही याचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

अट एकच. ते दहा दिवसही आधीच्या पंधरांसारखे साधे असले पाहिजेत. भाववाढ श्रावणाच्या तोंडावर केली, किंवा दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसं ओस पडलेली असताना केली, तर ४०८ मध्ये भावाचा वाटा किती आणि पंचांगाचा किती हे कुठलीही चाचणी सांगणार नाही. मधला एखादा साधा महिना निवडा, आणि पोळ्या संपल्याची वेळ तेव्हाही लिहीत राहा.